२५० वॅट म्हणजे किती?
विजेच्या दुचाकीचे त्वरण आणि शक्ती यांचे मापन

१. आकड्याचे महत्त्व

विजेवर चालणारी लहान दुचाकी विकत घ्यावयास गेले की विक्रेता दोन आकडे आवर्जून सांगतो. मोटर २५० वॅटची आहे आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही. तेव्हा नोंदणी नको, परवाना नको, विमाही नको, असे त्याचे म्हणणे असते. गिऱ्हाईक मान डोलावतो. ताशी २५ किलोमीटर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. २५० वॅट म्हणजे काय, हे मात्र तो सहसा विचारीत नाही.

हे आकडे विक्रेत्याने मनाने काढलेले नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ते आले आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरची ‘तीस मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असेल, तिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, बॅटरी वगळून तिचे वजन ६० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसेल, आणि मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेने या गोष्टींची खातरजमा केलेली असेल, तर ती दुचाकी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरत नाही. या मर्यादा ओलांडणारी दुचाकी मात्र मोटार वाहनच होय. मग तिच्यावरील पाटीवर काहीही छापलेले असो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे अशा वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा सक्तीचा आहे. विमा नसलेल्या वाहनाखाली कोणी जायबंदी झाले, तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो. वॅटचा आकडा खरा की खोटा, हा प्रश्न म्हणूनच केवळ पदार्थविज्ञानाचा राहत नाही.

प्रस्तुत पाठात हा आकडा सामान्य साधनांनी कसा मोजावा, आणि मोजल्यावर त्याचा अर्थ कसा लावावा, हे आपण पाहणार आहोत. प्रयोगाचे स्थळ म्हणून आपण छत्तीसगडमधील भिलाई येथील रुआबांधा हा भाग डोळ्यांपुढे ठेवू. रुआबांधा हा भिलाई पोलाद कारखान्याच्या नगरवसाहतीचा एक विभाग आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मैदानी मुलखात आखणी करून वसवलेल्या अशा पसरट नगरात घर, कारखाना, शाळा आणि बाजार एकमेकांपासून दूर असतात. दुचाकी ही तेथे चैनीची वस्तू नसून नित्याची गरज असते.

२. त्वरण, बल आणि शक्ती

प्रथम तीन शब्दांचे अर्थ नीट समजून घेतले पाहिजेत.

वेगात दर सेकंदाला पडणारी भर म्हणजे त्वरण. स्थिर उभी असलेली गाडी दोन सेकंदांनी सेकंदाला २ मीटर या वेगाने जाऊ लागली, तर तिचे त्वरण दर सेकंदाला, प्रतिसेकंद १ मीटर इतके झाले. त्वरणाचे पद्धतशीर मापन प्रथम गॅलिलिओने केले. उतरत्या फळीवरील पन्हळीतून त्याने गोळा सोडला, आणि भांड्यातून गळणारे पाणी तोलून काळ मोजला. समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, असे त्याला आढळले. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे विवेचन आहे. त्वरण एकसारखे असले की अंतरे अशीच वाढतात.

त्वरण निर्माण करते ते बल. वस्तुमानाला त्वरणाने गुणले की बल मिळते आणि त्याचे एकक न्यूटन होय. बलाने वस्तू काही अंतर सरकवली की कार्य घडते. ते जूलमध्ये मोजतात. हे कार्य किती वेगाने उरकले जाते, त्या दराला शक्ती म्हणतात. सेकंदाला १ जूल कार्य म्हणजे १ वॅट.

नेहमीचे उदाहरण घेऊ. १० मीटर खोल विहिरीतून १० किलोग्रॅमची भरलेली घागर १० सेकंदांत वर ओढली, तर सुमारे ९८ वॅट शक्ती लागते. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य ३ मीटर उंचीचा जिना ४ सेकंदांत धावत चढून गेला, तर त्याने सुमारे ४४० वॅट शक्ती खर्च केली. म्हणजे आपल्या ‘२५० वॅट’च्या मोटरीवरही त्याने मात केली! मात्र ती केवळ चार सेकंदांपुरती. पुढे या गोष्टीचे महत्त्व दिसून येईल.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, असेही मांडता येते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मोटर देत असलेली शक्ती कायम राहिली, तर वेग वाढेल तसे चाकावरील बल घटत जाते आणि त्वरणही मंदावते. म्हणून ‘या गाडीचे त्वरण किती?’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नसते. ‘कोणत्या वेगाला?’ हेही विचारावे लागते.

३. साधने आणि तयारी

फार साधने लागत नाहीत. धान्याच्या दुकानात असतो तसा मोठा वजनकाटा, मोजपट्टी, थोडा पांढरा व लाल रंग आणि चलच्चित्र घेणारा मोबाइल फोन एवढे पुरे. हातातील थांबघड्याळावर विसंबणे बरे नव्हे. डोळ्यांनी पाहून बोटाने कळ दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज निघून जातो, आणि दहा सेकंदांच्या प्रयोगात ही त्रुटी मोठी ठरते.

प्रथम बॅटरीसह गाडीचे आणि चालकाचे वजन करावे. उदाहरणादाखल दोहोंचे मिळून वस्तुमान १२० किलोग्रॅम आहे, असे मानू. यापुढील सर्व आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेले नमुन्याचे आकडे आहेत; वाचकाने आपल्या गाडीचे आकडे स्वतः काढावेत.

त्यानंतर चाकाचा घेर मोजावा. चालक बसलेला असताना टायर किंचित दबते, म्हणून तो बसलेला असतानाच गाडी सरळ रेषेत ढकलून चाकाच्या दहा फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे व त्याला दहाने भागावे. पुढच्या चाकाच्या कडेवर सारख्या अंतराने आठ खुणा कराव्यात; सात पांढऱ्या आणि फेऱ्या मोजण्यासाठी एक लाल. फोन गाडीच्या सांगाड्याला असा घट्ट बांधावा की चाक चित्रात दिसत राहील. फोनमधील मंदगती चित्रणात सेकंदाला १२० चित्रे मिळतात, म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाच्या १२०व्या भागाची साक्ष देते. चित्रे एकेक करून पाहिली की कोणत्या क्षणी चाक किती फिरले होते, हे कळते. चौथ्या सेकंदाचा वेग हवा असल्यास साडेतीन ते साडेचार सेकंदांच्या दरम्यान कापलेले अंतर घ्यावे.

प्रयोग पहाटे, वारा पडलेला असताना, वाहतूक नसलेल्या बंदिस्त रस्त्यावर करावा. चालकाने शिरस्त्राण घालावे आणि प्रयोगाच्या वेळी फोनकडे पाहू नये. सर्व वाचन नंतर घरी करावयाचे आहे.

४. रोधाचे मापन

मोटरची सगळी शक्ती गाडीचा वेग वाढवण्याकडे जात नाही. काही भाग टायरच्या घरंगळण्यात आणि काही भाग हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. हा खर्च आधी ठरवला पाहिजे. त्याची युक्ती सोपी आहे. गाडीला पुरेसा वेग द्यावा, मोटर बंद करावी आणि ब्रेक न लावता गाडीला आपोआप मंदावू द्यावे.

समजा, वेग प्रतिसेकंद ६.५ मीटरवरून ५.५ मीटरवर येण्यास ४.६ सेकंद लागले. म्हणजे दर सेकंदाला वेग ०.२१७ मीटरने घटला. त्याला १२० ने गुणले की सरासरी ६ मीटर वेगाला २६ न्यूटन रोध मिळतो. पुढे वेग ३.५ वरून २.५ वर येण्यास ७ सेकंद लागले, तर ३ मीटर वेगाला रोध १७ न्यूटन ठरतो.

टायरचा रोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा वर्ग ३६ आणि ३ चा वर्ग ९, फरक २७. रोधातील फरक ९ न्यूटन. म्हणून हवेचा रोध वेगाच्या वर्गाचा एकतृतीयांश झाला. ६ मीटर वेगाला तो १२ न्यूटन आहे. २६ मधून १२ वजा केले की उरलेले १४ न्यूटन टायरच्या वाट्याचे. आपल्या गाडीचा सूत्ररूप स्वभाव आता हाती आला : १४ न्यूटन, अधिक वेगाच्या वर्गाचा तिसरा हिस्सा.

१२० किलोग्रॅमचे वजन सुमारे १,१७६ न्यूटन असते. त्याच्या तुलनेत १४ न्यूटन म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. भिलाईत रेल्वेचे रूळ तयार होतात. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा हा रोध वजनाच्या हजारात एक-दोन भाग इतकाच असतो. रबरी टायर दर फेरीला दबते आणि पुन्हा फुगते, आणि त्यात ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. टायरमध्ये हवा कमी असेल तर हा तोटा आणखी वाढतो.

येथे एक सावधगिरी हवी. काही गाड्यांत मोटर चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असते आणि वीज बंद केल्यावरही तिचे चुंबक चाकाला थोडे मागे ओढतात. अशा गाडीत वरील रीतीने मोजलेला रोध खऱ्यापेक्षा काहीसा अधिक येतो.

५. धाव आणि तिचा हिशेब

आता गाडी स्थिर स्थितीतून पूर्ण मूठ पिळून सोडावी व दहा सेकंद धावू द्यावी. प्रत्येक दोन सेकंदांच्या टप्प्यासाठी दोन गोष्टी काढावयाच्या. पहिली, गतिज ऊर्जेतील वाढ. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. दुसरी, त्या टप्प्याच्या सरासरी वेगाला रोधावर मात करण्यासाठी लागलेली शक्ती.

चौथ्या ते सहाव्या सेकंदाचा हिशेब करून पाहू. वेग ३.७ वरून ४.९ झाला. गतिज ऊर्जा ८२१ जूलवरून १,४४१ जूल झाली. वाढ ६२० जूल. दोन सेकंदांत, म्हणून ३१० वॅट. सरासरी वेग ४.३, त्याला रोध २०.२ न्यूटन, दोहोंचा गुणाकार ८७ वॅट. एकूण ३९७ वॅट. याच रीतीने पुढील कोष्टक तयार होते.

| काळ (सेकंद) | वेग (मीटर प्रतिसेकंद) | सरासरी त्वरण | वेगवाढीची शक्ती (वॅट) | रोधाची शक्ती (वॅट) | एकूण (वॅट) |
|---|---|---|---|---|---|
| ० ते २ | ० ते १.९ | ०.९५ | १०८ | १४ | १२२ |
| २ ते ४ | १.९ ते ३.७ | ०.९० | ३०२ | ४६ | ३४८ |
| ४ ते ६ | ३.७ ते ४.९ | ०.६० | ३१० | ८७ | ३९७ |
| ६ ते ८ | ४.९ ते ५.८ | ०.४५ | २८९ | १२६ | ४१५ |
| ८ ते १० | ५.८ ते ६.४ | ०.३० | २२० | १६१ | ३८१ |

कोष्टक बारकाईने पाहिले तर गाडीच्या धावेचे दोन भाग दिसतात. आरंभीच्या तीन-चार सेकंदांत त्वरण जवळजवळ एकसारखे आहे. या काळात नियंत्रक मोटरीला ठराविक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह घेऊ देत नाही. म्हणून बल कायम राहते आणि गाडी गॅलिलिओच्या गोळ्यासारखी वागते. त्यानंतर शक्ती सुमारे ४०० वॅटवर स्थिरावते आणि त्वरण झपाट्याने उतरते. चालकाला आरंभी जाणवणारा ‘जोर’ हा बलाचा असतो, शक्तीचा नव्हे. पहिल्या दोन सेकंदांत जोर सर्वांत अधिक असूनही शक्ती सर्वांत कमी आहे, हे ध्यानात घ्यावे.

६. त्रुटी कोठून येतात

शेवटच्या तीन ओळींत ३९७, ४१५ आणि ३८१ असे आकडे आले. मोटर खरोखरच अशी वरखाली झाली काय? तसे मानण्याचे कारण नाही. आठव्या सेकंदाचा वेग ५.८ ऐवजी ५.९ वाचला गेला असता, तर एका ओळीत ३५ वॅट वाढले असते आणि पुढच्या ओळीत तेवढेच घटले असते. वेगातील अल्पशी त्रुटी शक्तीच्या आकड्यात अशी फुगून उतरते. म्हणून धाव किमान पाच-सहा वेळा घ्यावी आणि सरासरी काढावी. ‘३९७.७ वॅट’ असे लिहिण्यापेक्षा ‘सुमारे ४०० वॅट’ असे लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

दुसरी त्रुटी रस्त्याची. सपाट दिसणारा रस्ता समतल असतोच असे नाही. ५०० मीटरला १ मीटर एवढा चढ डोळ्यांना मुळीच कळत नाही. पण आपल्या गाडीवर तो २.४ न्यूटनचा भार टाकतो. टायरच्या रोधाचा हा जवळजवळ सहावा हिस्सा झाला. यावर उपाय एकच : जितक्या धावा एका दिशेने, तितक्याच उलट दिशेने. मंद वाऱ्याचा परिणामही त्यामुळे बऱ्याच अंशी कटतो.

तिसरी गोष्ट हवेची. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात ४२ अंश सेल्सियस तापमानाच्या दुपारी तेथील एक घनमीटर हवा सुमारे १.०८ किलोग्रॅम भरेल. जानेवारीत १२ अंशांच्या पहाटे तीच सुमारे १.२० किलोग्रॅम होईल. म्हणजे केवळ ऋतू बदलल्याने हवेच्या रोधात सुमारे १० टक्क्यांचा फरक पडतो. रोधाचे मापन आणि धाव या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच वेळी कराव्यात, ते याचसाठी. याशिवाय चाके पुढे सरकता सरकता स्वतःभोवती फिरतही असतात; त्यांच्या फिरण्यात साठणारी ऊर्जा धरली, तर उत्तर दोन-तीन टक्क्यांनी वाढते.

७. बॅटरीतून किती, चाकावर किती

वरील रीतीने चाकावर पोहोचलेली शक्ती मिळते. बॅटरीतून निघालेली शक्ती याहून अधिक असते. ती मोजावयाची तर विजेचा दाब आणि प्रवाह एकाच वेळी मोजून त्यांचा गुणाकार करावा. समजा, भार पडल्यावर ४८ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ४६ व्होल्टपर्यंत उतरला आणि प्रवाह ११ अँपिअर होता. बॅटरीने ५०६ वॅट दिले, चाकावर ४०० पोहोचले. कार्यक्षमता सुमारे ७९ टक्के. उरलेले शंभराहून अधिक वॅट तारांत, नियंत्रकात आणि मुख्यतः मोटरीत उष्णता होऊन गेले. हे मापन जाणकार कारागिराच्या देखरेखीखालीच करावे. अशा बॅटरीच्या तारा एकमेकींस टेकल्यास आग लागण्याचा धोका असतो.

८. अर्ध्या तासाचा वॅट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाटीवर २५० वॅट, आणि मापनात ४००. मग विक्रेत्याने फसवले काय?

एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. जिना धावत चढणाऱ्या मनुष्याचे उदाहरण आठवावे. चार सेकंद ४४० वॅट देणारा तोच मनुष्य अर्धा तास सतत श्रम करू लागला, तर १०० वॅटच्या आसपास येऊन स्थिरावतो. माणसाला मर्यादा दमाची असते. मोटरीला ती उष्णतेची असते. तांब्याच्या वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा सेकंदांत वेटोळी फारशी तापत नाहीत. तोच प्रवाह अर्धा तास चालू राहिला, तर तारेवरील वेष्टन जळू शकते आणि चुंबक दुबळे होऊ शकतात. म्हणूनच नियमात नुसती ‘शक्ती’ न म्हणता ‘तीस मिनिटांची शक्ती’ असे म्हटले आहे. वॅटच्या आकड्यासोबत काळ सांगितला नाही, तर तो आकडा अपुरा राहतो.

ही तीस मिनिटांची शक्ती प्रयोगशाळेत मोजतात. फिरत्या दांड्यावर ब्रेकचा भार टाकून यंत्राची शक्ती मोजण्याची कल्पना फ्रेंच अभियंता प्रोनी याने १८२१ साली प्रत्यक्षात आणली. आजचे शक्तिमापक हे तिचेच सुधारलेले रूप होय. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवर असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अशा चाचण्या होतात. विजेच्या मोटरीसाठी एआयएस-०४१ हे मानक आहे. त्यानुसार मोटर अर्धा तास भाराखाली चालवून त्या काळातील सरासरी शक्ती नोंदली जाते.

सामान्य नागरिकाजवळ शक्तिमापक नसतो. परंतु त्याच्याजवळ रस्ता आहे, आणि आपण काढलेले रोधाचे सूत्रही आहे. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीत वेगवाढीचा खर्च शून्य असतो. सगळी शक्ती रोधावर खर्च होते. ताशी २५ किलोमीटर, म्हणजे प्रतिसेकंद ६.९४ मीटर वेगाला आपल्या गाडीचा रोध ३० न्यूटन येतो आणि शक्ती सुमारे २१० वॅट. वेग आणि शक्ती या नियमातील दोन मर्यादा एकमेकींना किती धरून आहेत, ते येथे दिसते. समतल रस्त्यावर एकट्या चालकाला ताशी २५ किलोमीटरने नेण्यास २५० वॅट पुरतात. युरोपीय संघातही पायडलच्या जोडीने चालणाऱ्या विजेच्या सायकलींना हेच दोन आकडे लागू आहेत.

आता समजा, २५० वॅटची म्हणून विकलेली हीच गाडी समतल रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने निवांत धावत राहते. वेग प्रतिसेकंद ११.१ मीटर, रोध ५५ न्यूटन, शक्ती सुमारे ६१० वॅट. येथे दहा सेकंदांची सबब चालत नाही. जी गाडी अशी धाव सतत टिकवते, तिची मोटर २५० वॅटची नाही, आणि ती गाडी मोटार वाहन नसल्याचा दावाही टिकत नाही. त्यासाठी धावेची चित्रफीतही लागत नाही. वेगाचा आकडाच पुरेसा आहे.

घरच्या मापनाने कायद्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, हे खरे. ते चाचणीसंस्थाच देऊ शकते, आणि विकत घेताना त्याची प्रत मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मात्र कोणता प्रश्न विचारावा, हे मापनाने कळते. विक्रेता ‘२५० वॅट’ म्हणाला की ग्राहकाने विचारावे : किती वेळ? आणि कोणी मोजले?

स्वाध्याय

१. पाठातील गाडीवर ५५ किलोग्रॅमचा आणखी एक प्रवासी बसला. हवेचा रोध तोच राहिला आणि टायरचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढला, तर ताशी २५ किलोमीटर वेगासाठी किती शक्ती लागेल?

२. ३० मीटरला १ मीटर चढ असलेल्या उड्डाणपुलावर तीच गाडी एकट्या चालकासह प्रतिसेकंद ४ मीटर वेगाने चढते. चढावर मात करण्यासाठी व रोधासाठी लागणारी शक्ती वेगवेगळी काढा. ही गाडी अर्धा तास असा चढ चढत राहिली, तर नियमातील मर्यादा ओलांडली जाईल काय?

३. दोन गाड्यांच्या पाट्यांवर २५० वॅट असेच छापले आहे. पहिली जागेवरून जोराने उसळते, पण ताशी २४ किलोमीटरच्या वर जात नाही. दुसरी हळू सुटते, पण ताशी ३८ किलोमीटरपर्यंत जाते व तो वेग टिकवते. कोणत्या गाडीविषयी शंका घ्यावी, आणि का?